रेल्वे देखभालीतील संवेदक-माहितीचे एकत्रीकरण

संवेदक-माहितीचे एकत्रीकरण म्हणजे रूळ व गाड्यांवर बसविलेल्या निरनिराळ्या संवेदकांच्या नोंदी स्थळ आणि काळ यांनुसार जुळवून लोहमार्गाच्या स्थितीविषयी विश्वसनीय निष्कर्ष काढण्याची पद्धती होय. बिघाड होण्यापूर्वीच दुरुस्तीची जागा व तातडी ठरविणे हा तिचा हेतू असतो.

गरज

कोणताही एक संवेदक संपूर्ण चित्र देत नाही. श्राव्यातीत ध्वनिलहरींमुळे रुळाच्या आतील तडा सापडतो; रुळाच्या माथ्याची झीज मात्र लेसर किरणांनी मोजतात. चाकाच्या आसाजवळील त्वरणमापक हादरा नोंदवितो, पण दोष चाकाचा की रुळाचा, हे एका हादऱ्यावरून कळत नाही.

कार्यपद्धती

प्रथम प्रत्येक नोंदीचे नेमके स्थान ठरवावे लागते. बोगद्यात जीपीएसचे संकेत पोहोचत नाहीत; चाकाचे फेरे मोजून काढलेले अंतर चाक घसरल्यास किंवा झिजल्यास चुकते. म्हणून या दोहोंची जायरोस्कोपच्या नोंदींशी सांगड घालतात. त्यासाठी रूडॉल्फ कालमान यांनी १९६० साली मांडलेली गणिती गाळणी वापरली जाते.

त्यानंतर दोषाचे मूळ शोधतात. ९१५ मिमी व्यासाचे चाक एका फेऱ्यात सुमारे २.८७ मीटर अंतर कापते. हादरा दर २.८७ मीटरांनी येत असेल, तर दोष चाकात असण्याचा संभव अधिक; निरनिराळ्या गाड्यांना एकाच जागी हादरा बसत असेल, तर तो रुळात. भारतीय रेल्वेवर चाकांचे आघात मोजणारी ‘वाइल्ड’ ही यंत्रणा रुळांवरच बसविलेली असते.

उदाहरणे

जपानमधील ‘डॉक्टर येलो’ ही पिवळी गाडी शिन्कान्सेन मार्गावर धावता धावता रूळ व विद्युततारा दोन्ही तपासत असे. ब्रिटनमध्ये २००३ पासून ‘न्यू मेझरमेंट ट्रेन’ वापरात आहे.

मर्यादा

१७ ऑक्टोबर २००० रोजी इंग्लंडमधील हॅटफिल्ड येथे तडे गेलेला रूळ तुटून गाडी घसरली व ४ प्रवासी मृत्युमुखी पडले. तेथील रूळ सदोष असल्याचे आधीच ठाऊक होते. तो वेळेत बदलला गेला नव्हता. माहितीचे एकत्रीकरण धोक्याची सूचना देते. वेग कमी करणे, रूळ बदलणे हे निर्णय मात्र माणसांनाच वेळेवर घ्यावे लागतात.