युद्धकाळातील प्रथमोपचार : स्वयंसेवकाचे कार्य

युद्धात जखमी झालेल्या माणसाचे प्राण पुष्कळदा पहिल्या काही मिनिटांत मिळणाऱ्या मदतीवर अवलंबून असतात. डॉक्टरांची मदत मिळेपर्यंतचा हा काळ सांभाळणे, हेच प्रथमोपचार स्वयंसेवकाचे कार्य होय.

सोल्फेरिनोचा धडा

२४ जून १८५९ रोजी उत्तर इटलीतील सोल्फेरिनो येथे झालेल्या लढाईत हजारो सैनिक घायाळ झाले. सैन्याची वैद्यकीय व्यवस्था अगदीच अपुरी होती. जवळच्या कास्तिल्योने गावातील स्त्रियांनी शत्रुमित्र हा भेद न मानता जखमींची शुश्रूषा केली. त्यांच्यासमवेत राबलेले जिनीव्हाचे हेन्री ड्यूनां यांनी १८६२ मध्ये पुस्तक लिहून, अशा स्वयंसेवकांची संघटना शांततेच्या काळातच उभारावी, असे सुचविले. त्यातूनच १८६३ मध्ये रेडक्रॉसचा पाया घातला गेला. १९४९ च्या पहिल्या जिनीव्हा करारानुसार, जखमीची शुश्रूषा केल्याबद्दल कोणालाही त्रास वा शिक्षा देता येत नाही.

आपल्याकडील व्यवस्था

हवाई हल्ल्यांमुळे युद्धाची झळ नागरी वस्तीलाही पोहोचते. १९७१ च्या युद्धात मुंबईनेही रात्रीचा काळोख पाळला होता. भारतात नागरी संरक्षण कायदा १९६८ मध्ये झाला. या व्यवस्थेत प्रथमोपचार व जखमींची ने-आण ही कामे प्रशिक्षित स्वयंसेवकांकडे सोपविली जातात. २००९ च्या दुरुस्तीने आपत्ती व्यवस्थापनाचाही तीत समावेश झाला. ७ मे २०२५ रोजी देशात नागरी संरक्षणाचा सराव घेण्यात आला.

काय करावे, काय टाळावे

प्रथम स्वतःची सुरक्षितता पाहावी. मोठा रक्तस्राव होत असल्यास स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरावी. बेशुद्ध जखमीचा श्वास चालू असल्यास त्याला कुशीवर वळवावे. मात्र मान वा पाठीच्या कण्याला इजा झाल्याची शंका असल्यास विनाकारण हलवू नये. मोडलेल्या अवयवाला फळीचा आधार द्यावा. बेशुद्ध किंवा पोटात जखम झालेल्या माणसाला पाणी पाजू नये. रुतलेली वस्तू उपसून काढू नये. सर्वाधिक आक्रोश करणाऱ्याकडेच आधी धाव घेणे योग्य नव्हे; निपचित पडलेल्याची अवस्था अधिक गंभीर असू शकते.

हे ज्ञान केवळ वाचनाने अंगी बाणत नाही, त्यासाठी सराव हवा. शाळा व ग्रामपंचायतींनी प्रशिक्षण वर्ग भरविल्यास गावोगावी असे हात तयार होतील. युद्धाचा प्रसंग न आला तरी अपघात, पूर व भूकंप यांत ते उपयोगी पडतीलच.