पंढरपूरच्या मुलाचे हात

१९ मार्च २०२५ रोजी, ऐन रमजानमध्ये, न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात एक चित्र विकलं गेलं. मकबूल फिदा हुसेन यांचं १९५४ मधलं ‘ग्रामयात्रा’. किंमत सुमारे १ कोटी ३७ लाख डॉलर, म्हणजे जवळपास ११८ कोटी रुपये. आधुनिक भारतीय चित्राला लिलावात मिळालेली ही तोवरची सर्वांत मोठी रक्कम होती. हेच चित्र १९५४ मध्ये दिल्लीत एका परदेशी डॉक्टरने १,४०० रुपयांना विकत घेतलं होतं. पुढे ते नॉर्वेत ओस्लोच्या रुग्णालयाकडे गेलं आणि कित्येक दशकं तिथेच राहिलं.

जवळपास चौदा फूट लांबीच्या या चित्रात तेरा छोटी चित्रं शेजारी शेजारी मांडलेली आहेत. दळणकांडण करणाऱ्या बाया, लेकरं, बैलगाडी, शेतकरी. त्यात राजा नाही की देवदेवता नाहीत. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशातलं साधं गाव आहे. हे काढणारा हात आपल्याच जिल्ह्यातला, पंढरपूरचा. कोटींच्या आकड्याची चर्चा बरीच झाली. तो हात घडला कसा, आणि त्याचं काम लोकांसमोर आलं कसं, ही गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

आई, लुगडं आणि कंदील

हुसेन यांचा जन्म १९१५ चा, पंढरपुरातल्या सुलेमानी बोहरा कुटुंबातला. आईचं नाव जैनब. मूल जेमतेम दीड-दोन वर्षांचं असताना ती गेली. तिचा एकही फोटो मागे राहिला नाही. तिचा चेहरा आठवण्याची धडपड हुसेन यांनी आयुष्यभर केली, आणि आठवायचं ते तिचं नऊवारी लुगडं. त्यांच्या चित्रांतल्या अनेक स्त्रियांना चेहरा का नसतो, याचं उत्तर त्यांनी स्वतःच या आठवणीशी जोडलं आहे. पुढे मदर तेरेसांवर त्यांनी चित्रमालिका केली. तिथेही निळ्या काठाची पांढरी साडी आहे, मांडीवर लेकरू आहे, पण पदराच्या आत चेहऱ्याच्या जागी पोकळी आहे.

वडिलांनी दुसरं लग्न केलं, कुटुंब इंदूरला गेलं. आईविना मुलाला आधार होता दादांचा, म्हणजे आजोबांचा. दादा पत्र्याचं काम करत, कंदील दुरुस्त करत. हुसेन यांच्या चित्रांत कंदील पुन्हा पुन्हा येतो तो या ओळखीतून. १९५६ च्या ‘बिटवीन द स्पायडर अँड द लॅम्प’ या गाजलेल्या चित्राच्या नावातही दिवा आहे.

बडोद्याच्या मदरशात राहत असताना मकबूलने कुफी खत गिरवलं. कुफी ही अरबी लिपीची जुनी, कोनाकोनांची लेखनशैली. तिची अक्षरं भूमितीतल्या आकृत्यांसारखी उभी-आडवी बसतात. अनेक मुस्लिम घरांत माणसांची चित्रं काढणं हा आजही संकोचाचा विषय असतो. खुशनवीसी, म्हणजे सुंदर हस्ताक्षराची कला, मात्र मानाची. कलम धरून एका दमात रेघ ओढायची, मधे थांबायचं नाही, खोडायचं नाही, ही शिस्त खत शिकवतं. हुसेन यांची ती ठाम, न डगमगणारी रेषा पाहिली की हा रियाज कुठला, ते कळतं.

त्यांचा जगप्रसिद्ध घोडाही असाच लहानपणीचा. मोहरमच्या मिरवणुकीत इमाम हुसेन यांच्या दुलदुल घोड्याची आठवण जागवली जाते. पंजे आणि ताबुतांची मिरवणूक सोलापूरकरांना नवी नाही. मोहरमचा तो घोडा मुलाच्या मनात राहिला. १९५२ मध्ये चीनला गेल्यावर तिथल्या जुन्या मातीच्या घोड्यांनी त्याला आणखी बळ दिलं.

बेंद्रे घरी आले

वडील फिदा हुसेन इंदूरच्या कापड गिरणीत टाइमकीपर होते. गिरणगावातल्या वाचकाला या पगाराचा अंदाज सहज येईल. मुलाने व्यवसायाला लागावं, ही त्यांची अपेक्षा रास्तच होती. मुलगा मात्र रस्त्यावर, शेतात, जिथे मिळेल तिथे चित्रं काढत बसे. इंदूरला तेव्हा दत्तात्रेय दामोदर देवळालीकर यांची चित्रशाळा होती. मकबूल तिथल्या संध्याकाळच्या वर्गात जाऊ लागला. याच शाळेतून तयार झालेले नारायण श्रीधर बेंद्रे तेव्हा नाव कमावत होते. त्यांनी या मुलाचं काम पाहिलं आणि थेट घर गाठून वडिलांना समजावलं की याला अडवू नका, चित्रकार होऊ द्या.

फिदा हुसेन यांनी ते ऐकलं. साधी गोष्ट वाटते, पण साधी नव्हती. चित्रकलेवर घर चालतं, याचा एकही दाखला त्या घरासमोर नव्हता. एका मराठी चित्रकाराने शब्द टाकला आणि एका बोहरा बापाने तो मानला. मकबूलच्या आयुष्याला वळण मिळालं ते इथे.

चार आणे चौरस फूट

तिशीच्या दशकात हुसेन मुंबईला आले. पोटासाठी सिनेमाची होर्डिंगं रंगवू लागले. मजुरी चौरस फुटाला चार ते सहा आणे. ग्रँट रोडच्या परिसरात राहायचं, कधी फूटपाथवर झोपायचं. नटनटीच्या छोट्या फोटोवर चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी भल्यामोठ्या फळ्यावर आखायच्या आणि बांबूच्या परांचीवर चढून एकेक चौकट रंगवत जायचं. जवळून पाहिलं तर नुसते रंगाचे फटकारे, लांबून पाहिलं तर चेहरा. मोठ्या जागेला न घाबरण्याची सवय हाताला लागली ती इथे.

१९४१ मध्ये फाजिला यांच्याशी निकाह झाला. संसार वाढला तसं नियमित पगाराचं काम हवं झालं. मग लहान मुलांचं फर्निचर आणि लाकडी खेळणी बनवण्याचं काम मिळालं. पातळ लाकूड कापून प्राणी, माणसं, गाड्या करायच्या आणि वर झळझळीत रंग द्यायचा. सपाट आकार, जाड बाह्यरेषा, कमीत कमी तपशील. पुढच्या काळातली त्यांची चित्रं या खेळण्यांशेजारी ठेवली तर नातं लपत नाही. ‘ग्रामयात्रा’तली माणसंही तशीच, कापून ठेवल्यासारखी स्पष्ट. नोकरीचं काम म्हणून केलेली ही हस्तकलाच त्यांची कलाशाळा ठरली.

भिंतीवर पहिलं चित्र

घरात कितीही चित्रं पडून असली, तरी ती कुणी भिंतीवर लावून पाहिल्याशिवाय चित्रकार जगासमोर येत नाही. हुसेन यांच्या बाबतीत ते घडलं १९४७ मध्ये, वयाच्या बत्तिशीत. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनात त्यांचं ‘सुनहरा संसार’ लागलं. ते गोव्याच्या फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्या नजरेत भरलं. त्यांनी हुसेन यांना नव्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये बोलावलं.

या ग्रुपची पहिली यादीच पाहावी. सूझा, सय्यद हैदर रझा, एकेकाळी लोकांच्या मोटारी धुणारे आरा, विदर्भातले हरी अंबादास गाडे, शिल्पकार सदानंद बाकरे आणि हुसेन. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, खिसे बहुतेकांचे रिकामे. १९४९ मध्ये त्यांनी मुंबईत एकत्र प्रदर्शन भरवलं. पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, हुसेन यांचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन झालं.

मधल्या काळात एक प्रवास महत्त्वाचा ठरला. १९४८ मध्ये सूझा यांच्याबरोबर हुसेन दिल्लीला गेले. आजच्या राष्ट्रपती भवनात तेव्हा प्राचीन भारतीय कलेचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. मथुरेची शिल्पं आणि बसोलीची लघुचित्रं त्यांनी डोळे भरून पाहिली. शिल्पातून देहाचा डौल घेतला, लघुचित्रातून तापलेले रंग, आणि लोककलेचा भाबडेपणा तर खेळण्यांमुळे हातात होताच. १९५५ मध्ये ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेलं ‘जमीन’ आणि त्याच्या वर्षभर आधीचं ‘ग्रामयात्रा’ ही या शिदोरीची फळं.

आपलं काम कुणाला दाखवायचं, हा प्रश्न नाव झाल्यावरही त्यांनी सोडला नाही. राममनोहर लोहिया यांच्या सांगण्यावरून त्यांनी हैदराबादला बद्रीविशाल पित्ती यांच्या सहकार्याने रामायणावर मोठी चित्रमालिका केली. त्यासाठी वाल्मीकी आणि तुलसीदास दोन्ही वाचले. ही चित्रं बैलगाडीतून आसपासच्या खेड्यांत नेली. हुसेन सांगत, गावकऱ्यांनी ती शांतपणे पाहिली. डोळा कुठे आहे, हा राम कशावरून, असं कुणी विचारलं नाही. हे प्रश्न शहरात विचारले जातात.

१९६४ मध्ये गजानन माधव मुक्तिबोध गेले. घरची भाषा मराठी असलेल्या या हिंदी कवीच्या अंत्ययात्रेनंतर हुसेन यांनी पायताण सोडलं, ते बहुतेक कायमचंच.

उतारवयात देवतांच्या काही जुन्या रेखाटनांवरून मोठा वाद झाला. अनेकांच्या भावना दुखावल्या, खटले झाले. २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावरचे खटले रद्द केले, पण २००६ मध्ये देश सोडलेले हुसेन परतले नाहीत. ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं आणि दफनही तिकडेच झालं. त्या वादावर मतं वेगळी असतील, असू द्यावीत. घडण्याच्या काळात मात्र या माणसाला मदरशाने रेषा दिली, देवळालीकर-बेंद्रे यांनी वाट दिली, सूझांनी हात धरला. यातला एकही दुवा नसता, तर बाकीचे अपुरे पडले असते.

रमजानमध्ये विजापूर वेशीत मीना बाजार भरतो. सिनेमाची होर्डिंगं रंगवणारे पेंटर फ्लेक्सच्या छपाईने मागे पडले, पण हाताचा हुनर संपलेला नाही. कागदाचा कोन धरून पाच मिनिटांत तळहातभर मेंदी रेखणाऱ्या मुली आहेत. वहीच्या मागच्या पानावर अरबी अक्षरांची फुलं करणारी मुलं आहेत. त्यांना कुठल्या परांचीवर चढावं लागेल, कुणाला ठाऊक. निदान शाळेच्या सभागृहाची एखादी भिंत, महाविद्यालयाचा एखादा वऱ्हांडा त्यांच्या कामासाठी चार दिवस मोकळा करता येईल. ईदीच्या पैशांतून एखादी रंगपेटी घेता येईल. आणि आपल्या माहितीतलं असं एखादं मूल असेल, तर बेंद्रे यांच्यासारखं त्याच्या घरी जाऊन आईवडिलांशी चार शब्द बोलता येतील. इंदूरच्या त्या घरी बेंद्रे गेले, तेव्हा आत बसलेला मुलगा एका गिरणी कामगाराचा पोर होता, एवढंच त्यांना माहीत होतं.