रखवालदाराचे सोंग

सुगी संपली की आमच्या मराठवाड्यात बहुरूपी दारात येतो. अंगात खाकी पोषाख, बगलेत दंडुका, आवाजात जरब! ‘तुमच्या नावाचं वॉरंट आहे’ म्हणून घरधन्याला दरडावतो, पोरे आईच्या पदराआड दडतात, आणि मग हा पठ्ठ्या हसून ओंजळ पुढे करतो. त्याला पसाभर ज्वारी घालताना कुणालाही फसल्याचे दुःख होत नाही. कारण सोंग उतरवणे हाही त्याच्या कलेचाच भाग असतो. हल्ली घरच्या कॉम्प्युटरमध्ये शिरणारा बहुरूपी मात्र सोंग उतरवीत नाही. तो येतो रखवालदार होऊन!

खरे रखवालदार आहेत, ते मराठी माणसाला सांगायला नको. मूळचे रहिमतपूरचे काटकर बंधू. थोरले कैलास पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत, धाकटे संजय कॉम्प्युटर शिकत. त्या दुरुस्तीच्या दुकानातून १९९५च्या सुमारास ‘क्विक हील’ हा अँटीव्हायरस निघाला. पण जिथे खरे नाणे चालते तिथेच खोटे पाडले जाते. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ‘विनफिक्सर’, ‘एक्सपी अँटीव्हायरस’ अशी भारदस्त नावे लावलेली औषधे विकणाऱ्या टोळीला कोर्टात खेचले. फुकट तपासणीचे नाटक करायचे, नसलेला रोग दाखवायचा आणि चाळीसेक डॉलरांना उतारा विकायचा, हा धंदा. दहा लाखांहून अधिक गिऱ्हाइके त्यात सापडली होती! २०१२ मध्ये कोर्टाने सोळा कोटी तीस लाख डॉलरांचा हुकूमनामा केला.

आता सोंगात एक भर पडली आहे, ती टेलिफोन नंबरची. लातूरचे आमचे दाजी निवृत्त मुख्याध्यापक. नातीसाठी जुन्या प्रश्नपत्रिका शोधीत असता पडदा एकाएकी लाल झाला, भोंगा वाजू लागला. ‘कॉम्प्युटर बंद करू नका, ताबडतोब या नंबरवर फोन करा.’ नात प्लग काढायला धावली, तर दाजी तिच्यावरच खेकसले, ‘हात लावू नकोस!’ पलीकडचा गृहस्थ मोठ्या अदबीने हिंदीत बोलला, एक प्रोग्रॅम उतरवून घ्यायला लावला, आणि दाजींच्या डोळ्यांदेखत माउसचा बाण आपोआप हिंडू लागला. साडेसात हजार रुपये ‘फी’ गेली. दाजींनी घरात चकार शब्द काढला नाही. चौथ्या दिवशी ताईचा मला नांदेडला फोन आला, ‘हे जेवत नाहीत रे.’

मी मराठीचा मास्तर. यंत्राचे पोट उघडणे माझे काम नव्हे. म्हणून कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला घेऊन अहमदपूरमार्गे एस.टी.ने लातूर गाठले. नातीने त्या लाल पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता. तो मात्र मला वाचता आला. एका ओळीत तीन उद्गारचिन्हे, प्रत्येक वाक्यात ‘अन्यथा’, विचाराला फुरसत म्हणून नाही. शिवाय चार सेकंदांत सत्तावीस व्हायरस मोजून झालेले! वेबसाइटच्या पानाला आपल्या कॉम्प्युटरमधल्या फायली अशा चाळताच येत नाहीत, हे मला विद्यार्थ्याने सांगितले. आणि मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीही नसतो, हे त्या कंपनीनेच जाहीर केलेले आहे.

विद्यार्थ्याने आधी इंटरनेट तोडले. मग प्रोग्रॅमांची यादी तारखेप्रमाणे लावली. त्या दुपारी उतरलेले दोन पाहुणे वरच सापडले. ते काढून यंत्र पुन्हा सुरू केले आणि विंडोजमधल्याच डिफेंडरकडून सगळी झडती घेतली. तो काही फुकाचा चौकीदार नव्हे; विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजबरोबरच येतो. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये एका अनोळखी वेबसाइटला सूचना पाठवायची परवानगी दिलेली निघाली. रोजचे भेडसावणारे चौकोन तिथूनच येत होते. ती काढून घेतली. सगळे पासवर्ड बदलले, पण दुसऱ्या यंत्रावरून. विद्यार्थी म्हणाला, ‘सर, नुसता लाल पडदाच आला असता आणि फोन केला नसता, तर एस्केपचं बटन दाबून धरून ब्राउझर बंद केला की भागलं असतं.’ एवढ्यासाठी साडेसात हजार!

१९३० या सरकारी नंबरवर दाजींनीच तक्रार सांगितली, बँकेलाही कळवले. पहिल्या काही तासांत कळवले तर पैसे वाटेतच अडवता येतात. इथे चार दिवस लोटले होते. हे चार दिवस त्या भामट्याने नव्हे, दाजींच्या मुख्याध्यापकपणाने खाल्ले, असे मला वाटते. चाळीस वर्षे पोरांच्या चुका काढणाऱ्याने सुनेपुढे ‘मी फसलो’ कसे म्हणावे?

पैसे अजून आलेले नाहीत. तक्रारीचा क्रमांक दाजींनी कालनिर्णयाच्या मागे टाचून ठेवला आहे, आणि कॉम्प्युटरपाशी आता दुसरी खुर्ची असते, नातीची.