कलावंत आणि करारनामा

आपल्याकडे कलावंत वकिलाची पायरी चढतो तो बहुधा सही होऊन गेल्यावर, चित्रपट पडद्यावर आल्यावर आणि श्रेयनामावलीत आपले नावच नाही हे चारचौघांत उघड झाल्यावर. तेव्हा वकिलाच्या हाती नोटीस आणि तिच्यामागून येणारा दीर्घसूत्री दावा एवढेच उरते. वास्तविक या क्षेत्रातील वकिलाचे मोलाचे काम न्यायासनापुढे नव्हे, तर मसुद्यावर व्हावयाचे असते.

निर्मात्याकडून येणारा छापील करारनामा एकदा बारकाईने वाचून पाहावा. लेखकाने आपल्या कृतीचे समस्त हक्क, चिरकाल, अखिल विश्वात, आज ज्ञात असलेल्या व पुढे शोधल्या जाणाऱ्या सर्व माध्यमांसह एकरकमी मोबदल्यात बिनतक्रार लिहून दिले, अशा आशयाचे कलम त्यात पुष्कळदा आढळते. (मंगळावरील खेळांचे उत्पन्नही हातचे जाऊ नये, ही दूरदृष्टी वाखाणण्याजोगीच!) १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी व देणाऱ्याच्या सहीचे असावे लागते, त्यात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरताच मानला जातो. कायद्याचे हे औदार्य निर्मात्याच्या वकिलास ठाऊक असते, म्हणूनच छापील मसुद्यात या जागा सहसा कोऱ्या सोडलेल्या नसतात.

गीतकार-संगीतकारांची कैफियत याहून जुनी. निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी करवून घेतलेल्या गीत-संगीताचा स्वामित्वहक्क, विरुद्ध करार नसल्यास, निर्मात्याचाच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला, आणि पुढली पस्तीस वर्षे तोच दंडक राहिला. २०१२ च्या दुरुस्तीने, जिच्यासाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आग्रहाने बाजू मांडली, चित्रपटगृहाबाहेरील वापरातून येणाऱ्या स्वामित्वधनाचा समान वाटा वारसांखेरीज वा कॉपीराइट संस्थेखेरीज कोणासही लिहून देता येणार नाही, असे ठरले. सही झालेली असली तरीही हा हक्क बुडत नाही, हे किती गीतकारांना ठाऊक असेल?

मराठी नाटककार प्रयोगागणिक मानधन घेण्याच्या रिवाजात वाढलेला. तोच चित्रपटाकडे वळताच सारे काही एकरकमी विकून मोकळा होतो, ही विसंगती मला तरी अनाकलनीय वाटते.

कथा चोरीस गेल्याची फिर्याद मात्र सर्वांत अवघड. ‘न्यू दिल्ली’ हा १९५६ चा चित्रपट आपल्या ‘हम हिंदुस्तानी’ नाटकावर बेतला, असा आर. जी. आनंद यांचा दावा १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात फेटाळला गेला. कल्पनेवर मालकी नसते, तिच्या विशिष्ट आविष्कारावर असते, हे त्यातील सूत्र. तेव्हा कथा तोंडी ऐकवण्यापूर्वी ती विस्ताराने लिहून काढावी आणि मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे तिची नोंद करावी. हक्क नोंदणीविनाही उत्पन्न होतो, परंतु तारखेचा पुरावा नोंदीने मिळतो.

वकिलाची फी परवडत नाही, ही अडचण खरी आहे. तथापि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्रियांना, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, उत्पन्नाची अट न घालता मोफत कायदेशीर साहाय्य मिळू शकते, आणि त्यात सल्लाही अंतर्भूत आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात करारनाम्याची प्रत घेऊन जावे. फक्त ती सही न केलेली असावी.