नष्टाश्वदग्धरथन्याय आणि जुनीं रिळें

आपल्या शास्त्रग्रंथांत जे लौकिक न्याय येतात, त्यांत नष्टाश्वदग्धरथन्याय म्हणून एक आहे. पतंजलीच्या महाभाष्यांत त्याचा उपयोग केलेला आढळतो. दोन प्रवासी आपापल्या रथांतून निघाले. वाटेंत एकाचे घोडे नाहींसे झाले व दुसऱ्याचा रथ जळाला. तेव्हां एकाचा रथ व दुसऱ्याचे घोडे असा मेळ घालून दोघेही मुक्कामास पोंचले. या न्यायाचें चालतें उदाहरण पाहावयाचें असेल, तर मासे धरण्याच्या काठीवरील जुनीं रिळें दुरुस्त करणाऱ्या पाश्चात्त्य हौशी मंडळींकडे पाहावें.

मासे धरावे कीं न धरावे, हा वाद येथें नको. आमचें लक्ष केवळ यंत्राकडे आहे. काठीच्या मुठीजवळ बसविलेलें, दोर गुंडाळणारें व सोडणारें हें लहानसें उपकरण जातीनें घड्याळाचें भावंड होय. स्वीडनमधील स्वेंगस्टा या गांवीं १९२१ सालीं स्थापन झालेला आबू हा कारखाना प्रथम खिशांतील घड्याळें व पुढें टॅक्सीमीटर करी. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलची टंचाई होऊन टॅक्सीमीटरांस गिऱ्हाईक उरलें नाहीं, तेव्हां तो रिळांकडे वळला. त्याचें 'अँबॅसडर ५०००' हें रीळ १९५२ पासून प्रसिद्धीस आलें. फ्रान्समधील क्लूझ हें गांवही घड्याळांच्या भागांसाठीं नांवाजलेलें. प्रसिद्ध 'मिचेल' रिळें तेथलींच. इंग्लंडांत ॲनिक येथील हार्डी बंधूंचें 'परफेक्ट' रीळ तर १८९१ पासूनचें आहे.

अशीं यंत्रें सहसा सर्वांगानें जीर्ण होत नाहींत. पितळ, पोलाद व ॲल्युमिनियम यांचें शरीर पन्नास-साठ वर्षें सहज टिकतें. दगा देतो तो एखादा क्षुल्लक भाग. मिचेल रिळांत दोर पकडणारी तारेची कडी मिटविणारी बारीक स्प्रिंग तुटते. अँबॅसडरमध्यें दोर समान पसरविण्यासाठीं एक आडवा मळसूत्री दांडा असून त्याच्या खांचेंत जिभेसारखा एक लहान तुकडा फिरतो. तो झिजला कीं दोर एकाच जागीं सांचूं लागतो. भाग नखाएवढा, पण तो नसला तर उरलेलें सर्व यंत्र केवळ कपाटाची शोभा!

मग शोध सुरू होतो, आणि शोधाची पहिली पायरी म्हणजे यंत्राची नेमकी ओळख. १९७० नंतरच्या दशकांतील पुष्कळ अँबॅसडर रिळांच्या पायाखालीं अंक कोरलेले असतात. त्यांतील पहिले दोन वर्षाचे, पुढील दोन महिन्याचे व शेवटचे आवृत्तीचे. कारखान्यानें दिलेल्या आकृतिपत्रकांत प्रत्येक भागास क्रमांक असतो. पुष्कळदां एकच भाग अनेक नमुन्यांत वापरलेला असतो. म्हणून दुर्मिळ रिळाचा भाग सामान्य रिळांतून मिळूं शकतो. ज्यास क्रमांक ठाऊक तो एका पत्रानें काम करतो. ज्यास ठाऊक नाहीं तो दहा पेट्या उपसतो.

जुन्या इंग्रजी रिळांची गोष्ट निराळी. त्यांचे भाग कारागीर हातानें घासून एकमेकांस जुळवीत; म्हणून एका रिळाचें चाक त्याच नमुन्याच्या दुसऱ्या रिळांत बसेलच असें नाहीं. त्यांत स्क्रूंची पंचाईत. व्हिटवर्थ पद्धतीच्या आट्यांचा कोन ५५ अंश, सूक्ष्म उपकरणांसाठीं केलेल्या बी. ए. पद्धतीचा ४७॥ अंश व आजच्या मेट्रिक पद्धतीचा ६० अंश. दिसण्यांत सारखा म्हणून भलताच स्क्रू बळानें फिरविला, तर मूळचे आटे कापले जातात आणि एका स्क्रूपायीं सबंध चौकट निकामी होते. धीर नसलेल्या हातानें जितकीं यंत्रें मारलीं, तितकीं काळानें मारलीं नसतील.

आतां खरा प्रश्न येतो. भाग मिळावा कोठून? जुन्या दुकानांतील शिल्लक साठा संपत जातो. नवा भाग घडविण्यास कुशल हात व पुष्कळ खर्च लागतो. उरतें तें मोडकें रीळ. ज्याची चौकट वांकली, ज्यास खाऱ्या पाण्यानें खाल्लें, त्याचे दोन-चार भाग दुसऱ्यास जीवदान देतात. परंतु सबंध रिळापेक्षां सुट्या भागांची एकूण किंमत अधिक येते हें ओळखून चालतीं रिळेंही मोडून विकणारे असतात. आमच्या मतें येथें न्यायाची मर्यादा सुटते. त्या कथेंत रथ आधींच जळालेला होता. दुसऱ्याचे घोडे हवे म्हणून कोणीं रथास चूड लावली नव्हती. सुस्थितींतील यंत्र मोडणें ही दुरुस्ती नव्हे, व्यापार होय; आणि या व्यापारानें एक रीळ वांचलें तर दुसरें जातें.

दुसरी मर्यादा सत्याची. भाग बदलला तर तसें लिहून ठेवावें, मूळचा झिजलेला भाग पुडींत जपावा आणि पुढें विकतांना गिऱ्हाइकास सांगावें. नव्या भागांचें रीळ 'अगदीं मूळचें' म्हणून विकणें म्हणजे जीर्णोद्धार नव्हे, बनावट होय.

वाचकांपैकीं फारच थोड्यांच्या घरीं असें रीळ असेल. परंतु लंबकाचें घड्याळ, शिवण्याचें यंत्र, आजोबांचा ग्रामोफोन यांपैकीं कांहीं ना कांहीं प्रत्येक मोठ्या कुटुंबांत असतेंच. साफसफाईच्या भरांत त्याचा सुटलेला स्क्रू वा तुटकी कमान केरांत टाकूं नये. एका डब्यांत ठेवावी आणि वर चिठ्ठी लावावी: कोणत्या यंत्राची, कोणत्या सालीं सुटली. दुरुस्त करणारा आज घरांत नसेल. उद्यां नातवांतून एखादा निघेल. त्यास तो डबा सांपडला पाहिजे.