रान आहे, पोरगं आहे. पण पेन्शन कुठंय?

पलूस तालुक्यात म्हातारपणाच्या खर्चाचा विषय काढला की ठरलेली उत्तरं येतात. कंपनीतला म्हणतो पीएफ आहे, शेतकरी म्हणतो रान आहे, आणि दोघंही म्हणतात पोरगं आहे. यातलं काही खोटं नाही. पण महिन्याच्या एक तारखेला औषधपाण्याचे पैसे हातात पडतील, याची हमी यातलं एकही देत नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना उभारला, तेव्हापासून या भागाला महिन्याच्या पगाराची ओळख आहे. तरी पेन्शनबद्दलचा एक गैरसमज पगारदारांत अजून पक्का आहे: रिटायर झाल्यावर निम्मा पगार तरी मिळेल. निम्म्या पगाराचं गणित जुन्या सरकारी पेन्शनचं. खासगी कारखान्यातल्या कामगाराला लागू होते ती १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना. पीएफचं पासबुक उघडून शेवटचा, पेन्शनचा रकाना बघा. मूळ पगार ४० हजार असला तरी तिथं महिन्याला १,२५० रुपयेच जमा होताना दिसतील. कारण मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के पेन्शनकडं जातात ते १५ हजारांच्या पगारमर्यादेवर, आणि ही मर्यादा सप्टेंबर २०१४ पासूनची आहे. पेन्शनचं सूत्रही त्यावरच बसवलंय: पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. तीस वर्षं नोकरी झाली तर दोन वर्षं वाढवून मिळतात. १५,००० गुणिले ३२ भागिले ७०, म्हणजे महिना ६,८५७ रुपये. २०१४ आधीच्या वर्षांना ६,५०० ची जुनी मर्यादा धरतात, म्हणून प्रत्यक्षात हातात येते ती याहून कमी. जादा पगारावरच्या पेन्शनचा पर्याय ज्यांना मंजूर झाला, त्यांची गोष्ट वेगळी. या पेन्शनला महागाई भत्ता नाही. महागाई वर्षाला सहा टक्के धरली तर बारा वर्षांत किमती दुप्पट होतात. अठ्ठावन्नाव्या वर्षी पुरणारी रक्कम सत्तरीत निम्म्या किमतीची झालेली असते.

त्यात एमआयडीसीतली तरुण पोरं नोकरी बदलली की पीएफ काढून गाडी घेतात. पेन्शनला किमान दहा वर्षांची नोकरी लागते. जुनं खातं नव्या कंपनीत वर्ग केलं तर वर्षं जोडली जातात. पेन्शनचेही पैसे काढले तर मोजणी पुन्हा शून्यापासून. मला यातलं सगळ्यात मोठं नुकसान हेच वाटतं.

आता रान. द्राक्षबाग किंवा ऊस म्हणजे पेन्शन, असं मानणाऱ्यानं सत्तराव्या वर्षी ऑक्टोबर छाटणीपासून विरळणी, डिपिंग, फवारण्या कोण करणार ते आधी ठरवावं. बागेला रोज माणूस लागतो आणि छाटणीनंतरचा एक अवकाळी पाऊस वर्षाचा हिशोब उलटवतो. उसाला कष्ट कमी, पण बिल येतं ते तोड झाल्यावर, आणि विकास सोसायटीचं कर्ज त्यातून आधी वळतं होतं. २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठचं उभं पीक पाण्याखाली गेलं, हे भिलवडी-अंकलखोपकडच्या माणसाला सांगायला नको. रान ही ठेव आहे, मोठी आहे. पण ती महिन्याला पैसे देत नाही.

पीएम किसान आणि नमो शेतकरीचे मिळून वर्षाला १२ हजार, म्हणजे महिन्याला हजार, यालाही पेन्शन म्हणायची पद्धत पडलीय. ते अर्थसाहाय्य आहे. पेन्शनसाठीची किसान मानधन योजना निराळी. दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या १८ ते ४० वयाच्या शेतकऱ्यानं वयाप्रमाणं महिना ५५ ते २०० रुपये भरायचे, तेवढेच केंद्र सरकार भरतं, आणि साठीनंतर महिना ३,००० मिळतात. चाळिशी ओलांडली की दार बंद. शिवाय आजपासून वीस वर्षांनी त्या तीन हजारांत सध्याच्या हजाराएवढाही बाजार येणार नाही, तेव्हा तिच्या जोडीला पीपीएफ किंवा एनपीएस हवंच. सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी परराज्यात गेलेल्यांना तर पीएफही नसतो. एनपीएस २००९ पासून सगळ्यांना खुलं आहे, हे त्यांच्यापर्यंत पोचायला हवं.

ग्रॅच्युइटी आणि पीएफची एकरकमी रक्कम हातात आली की अर्धा टक्का जास्त व्याजासाठी ती पतसंस्थेत जाते. 'ठेवीला पाच लाखांचा विमा असतोच की!' तो बँकेतल्या ठेवीला असतो, सहकारी बँकेतल्याही. पतसंस्थेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण नाही. बँकेतही मुद्दल, व्याज आणि सगळ्या शाखा मिळून एका माणसाला पाच लाख. कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर २०२० मध्ये रद्द केला, तेव्हा ९९ टक्क्यांहून जास्त ठेवीदारांची पूर्ण रक्कम या विम्यात बसली. कारण त्याच वर्षी फेब्रुवारीत मर्यादा एक लाखावरून पाच लाख झाली होती. आयुष्यभराची रक्कम एकाच ठिकाणी ठेवणारे उरलेल्यांत येतात.

पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते. एप्रिल २०२३ पासूनच्या ८.२ टक्के दरानं १५ लाखांवर तिमाहीला ३०,७५० रुपये व्याज होतं. नव्या खात्यांसाठीचा दर बदलू शकतो, पण खातं उघडलं त्या दिवशीचा दर पाच वर्षं हलत नाही.

राहिलं पोरगं. प्रेमानं केलेलं बक्षीसपत्र नंतर रद्द करता येतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ मध्ये तशी सोय आहे, पण सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेल्या मालमत्तेलाच. अट नसेल तर कलम लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये म्हटलं. पुढं २०२५ च्या निकालात न्यायालयानं आईबापांच्या बाजूनं उदार अर्थ लावला. तरी अट दस्तात स्पष्ट लिहून घ्यावी. आणि सगळा सातबारा मुलांच्या नावावर करण्याआधी एखादा एकर दोघा नवराबायकोच्या नावावर राहू द्यावा. कामगाराच्या पश्चात बायकोला त्याच्या पेन्शनची साधारण निम्मी रक्कम मिळते, म्हणजे वरच्या हिशोबात साडेतीन हजारांच्या आत. पोस्टातलं एक खातं तिच्या एकटीच्या नावावर उघडायचं ते याच आकड्यासाठी.