पणजीला की पर्वरीला?

पेडण्याचा माणूस सकाळी "पणजीला जाऊन येतो" म्हणून निघाला, की पूर्वी घरच्यांना कळायचे: सरकारी काम आहे. आता विचारावे लागते, "पणजीला की पर्वरीला?"

१८४३ साली पणजी राजधानी झाली. मांडवीकाठच्या आदिलशहाच्या राजवाड्यात आधी पोर्तुगीज व्हाइसरॉय राहिले, मुक्तीनंतर तिथेच सचिवालय आणि विधानसभा आली. खाती, बँका, बाजार सारे पायी फिरण्यासारखे. एका फेरीत चार कामे उरकत. मात्र ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा पूल कोसळला, आणि राजधानी किती दूर आहे ते उत्तरेकडच्या लोकांना फेरीबोटीच्या रांगेत उमगले.

२००० साली विधानसभा पर्वरीच्या पठारावर गेली. सचिवालय, शिक्षण खातेही तिकडेच गेले. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाचे गोवा खंडपीठ आल्तिनोवरून पर्वरीत आले. म्हापशावरून येणाऱ्या पेडणेकर-डिचोलीकरांना आता पूल ओलांडण्याआधीच उतरता येते. सोय झाली, हे मान्यच करायला हवे.

पण ती अर्धीच. निवृत्त शिक्षिकेचे उदाहरण घ्या. तिचे शिक्षण खाते पर्वरीत, तर पेन्शन पाहणारे लेखा संचालनालय पणजीत, फाझेंडा इमारतीत. एखादा कागद अडला तर एकाच दिवशी दोन्ही काठ! स्वतःची गाडी असेल त्याला हे अंतर जाणवत नाही. बसने येणाऱ्याचा मात्र अख्खा दिवस जातो.

मुंबईतही हेच झाले. नरिमन पॉइंटवरच्या कचेऱ्या वांद्रे-कुर्ला संकुलात गेल्या, पण तिथे मेट्रो पोचायला २०२४ साल उजाडले. तोवर स्टेशनपासूनचे शेवटचे अंतर रिक्षा आणि बसच्या रांगेतच काढावे लागले.

आता पाळी पेडण्याची आहे. जानेवारी २०२३ पासून मोपाच्या विमानतळावरून विमाने उडू लागली. उद्या त्याच्या आसपास कचेऱ्याही उभ्या राहतील. त्या येण्याआधी बसची वेळ, सावलीचा थांबा आणि चालायला पदपथ ठरला पाहिजे.

आणि त्याहून सोपी गोष्ट म्हणजे पेडणे आणि डिचोलीतच कागद घेऊन पुढे पाठवण्याची व्यवस्था. कचेरी शहरात हवी की शहराबाहेर, हा वाद मोठ्यांनी खुशाल घालावा. आपल्या आजीला मात्र दुपारच्या जेवणाला घरी पोचता आले पाहिजे.